वाचकांचे प्रश्न : हिमाखाली सात महिने झोपणारा माउंटन पिग्मी पॉसम

शिशुधानी प्राण्यांवरील आमच्या टिपणात ऑस्ट्रेलियातील माउंटन पिग्मी पॉसमचा उल्लेख अगदी ओझरता आला होता. त्या दोन ओळींवर इतके प्रश्न येतील अशी अपेक्षा नव्हती. त्यांतील सारखे प्रश्न एकत्र करून या वेळचे सदर संपूर्णपणे याच प्राण्याला दिले आहे.

प्रश्न : चित्रात हा प्राणी उंदरासारखा दिसतो. तो उंदराचाच प्रकार आहे का? आणि तो नामशेष झाला असे एके काळी मानले जात होते, हे खरे आहे का?

उत्तर : आकार, मोठे डोळे, राखाडी-तपकिरी केस आणि लांब शेपूट यांमुळे तो उंदरासारखा भासतो, परंतु उंदराशी त्याचे नाते फार दूरचे आहे. उंदीर कृंतक प्राण्यांत मोडतो. हा पॉसम मात्र कांगारू आणि कोआला यांच्याप्रमाणे शिशुधानी सस्तन प्राणी आहे. त्याची पिल्ले अत्यंत अपक्व अवस्थेत जन्माला येतात आणि आईच्या पोटावरील पिशवीत स्तनाग्राला चिकटून वाढतात. मादीला चार स्तनाग्रे असतात, त्यामुळे जन्म अधिक पिल्लांचा झाला तरी जगतात ती जास्तीत जास्त चार. पिग्मी पॉसमच्या कुळातील पाच जातींमध्ये ही जात सर्वांत मोठी आहे, आणि तरीही प्रौढ प्राण्याचे वजन साधारण ४५ ग्रॅम आणि डोक्यासह शरीराची लांबी सुमारे ११ सेंटिमीटर एवढीच असते. शेपूट शरीरापेक्षा लांब असते.

तुमच्या प्रश्नाचा दुसरा भागही खरा आहे. स्कॉटलंडमधून आलेले डॉक्टर आणि जीवाश्मसंशोधक रॉबर्ट ब्रूम यांना न्यू साउथ वेल्समधील वॉम्बियन गुहांच्या परिसरात लहान जबड्यांचे अवशेष मिळाले आणि त्यांवरून त्यांनी १८९६ साली ही जात वर्णन केली. जबड्यातील एक मोठी, खाचा असलेली दाढ हे तिचे ठळक लक्षण होते. त्यानंतर सत्तर वर्षे ही जात केवळ हाडांच्या रूपाने ठाऊक होती. १९६६ च्या ऑगस्टमध्ये व्हिक्टोरिया राज्यातील माउंट हॉथमवर बर्फावर घसरण्याच्या खेळासाठी येणाऱ्यांच्या एका निवासात एक अनोळखी छोटा प्राणी सापडला, आणि तो हाच निघाला. जीवाश्मांवरून वर्णन झालेली जात जिवंत सापडणे ही प्राणिशास्त्रात फार क्वचित घडणारी घटना आहे. जी दाढ ब्रूम यांनी दगडात पाहिली होती तिचा उपयोग काय, हेही मग कळले : कठीण कवचाच्या बिया फोडणे आणि कीटकांची कवचे कापणे.

प्रश्न : ऑस्ट्रेलियासारख्या प्रचंड देशात हा प्राणी केवळ काही डोंगरमाथ्यांवरच का आढळतो? त्याला दगडांच्या राशी लागतात म्हणजे नेमके काय?

उत्तर : ऑस्ट्रेलियातील सस्तन प्राण्यांत केवळ उंच, हिमाच्छादित पर्वतभागातच राहणारा हा एकमेव प्राणी मानला जातो. त्याचे अस्तित्व आज तीन विलग भागांत आहे : न्यू साउथ वेल्समधील कोसिअस्को राष्ट्रीय उद्यान, व्हिक्टोरियातील माउंट बोगाँग ते माउंट हिगिनबॉथम हा पट्टा, आणि त्याच राज्यातील माउंट बुलर. यांतील बुलरवरील समूह तर १९९६ पर्यंत कोणालाच माहीत नव्हता. तिन्ही भागांच्या मधल्या दऱ्या उष्ण आणि जंगलाने भरलेल्या आहेत. त्या ओलांडून हा प्राणी जाऊ शकत नाही, आणि हे समूह हजारो वर्षे एकमेकांपासून तुटलेले आहेत.

या भागांतही तो सर्वत्र नसतो. हिमयुगातील गोठण्या-वितळण्याच्या क्रियेने खडक फुटून उतारांवर मोठमोठ्या शिळांचे जे ढीग आणि ओघ तयार झाले, त्यांच्यातच तो राहतो. एकमेकींवर रचल्यासारख्या पडलेल्या या शिळांमधील पोकळ्या खूप खोलवर जातात, आणि तेथे उन्हाळ्यात गारवा असतो तर हिवाळ्यात तापमान फारसे खाली उतरत नाही. कोल्हा किंवा मांजर त्या फटींत शिरू शकत नाही. उन्हाळ्यात मैदानांवरून येणारे बोगाँग पतंग याच फटींत विसावतात, त्यामुळे अन्न घरापाशीच मिळते. शिळांवर पसरून वाढणारे माउंटन प्लम पाइन हे झुडूप शरद ऋतूत बिया पुरवते, आणि काही बिया हा प्राणी साठवूनही ठेवतो. निवारा, थंडावा, पतंग आणि बिया या चारही गोष्टी एकत्र असलेली जागा तेथील डोंगरांवर फार थोडी आहे. उत्तम प्रतीचा अधिवास एकूण काही मोजक्या चौरस किलोमीटरांपुरताच उरतो.

येथे एक बाब आवर्जून सांगावीशी वाटते. प्लम पाइन अतिशय मंद गतीने वाढते आणि आगीपुढे टिकत नाही. २००३ च्या आणि २०१९-२० च्या वणव्यांत पर्वतभागातील असे बरेच क्षेत्र जळाले. शिळांखाली लपलेले पॉसम आगीतून वाचू शकतात, पण बाहेर आल्यावर त्यांना झुडुपाचा आडोसा नसतो आणि बियाही नसतात, आणि ते झुडूप पूर्ववत व्हायला कित्येक दशके लागतात. वणव्यात प्राणी किती मेले हा प्रश्न आपण लगेच विचारतो. जे वाचले ते पुढची वीस-तीस वर्षे कशावर जगणार, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो.

प्रश्न : हा प्राणी सात महिने शीतनिद्रेत असतो असे वाचले. मग तापमानवाढीने हिवाळा सौम्य झाला तर ते त्याच्या सोयीचेच नाही का?

उत्तर : प्रश्न रास्त आहे आणि सहज मनात येणारा आहे, परंतु वस्तुस्थिती नेमकी उलटी आहे.

आधी शीतनिद्रा कशी असते ते पाहू. प्रौढ प्राणी उन्हाळ्याच्या शेवटी भरपूर खाऊन शरीरात चरबी साठवतो आणि वजन बरेच वाढवतो. दक्षिण गोलार्धातील हिवाळा सुरू होण्यापूर्वीच तो शिळांखालील खोल जागी जाऊन अंग गुंडाळून घेतो. प्राण्यांच्या शरीरक्रियेचे अभ्यासक फ्रिट्झ गायझर आणि न्यू साउथ वेल्समध्ये या जातीवर दीर्घकाळ काम केलेल्या लिंडा ब्रूम यांच्या अभ्यासांतून असे दिसले की, या काळात त्याच्या शरीराचे तापमान सुमारे २ अंश सेल्सियसपर्यंत उतरते आणि अशी निश्चल अवस्था एका वेळी वीस दिवसांपर्यंत टिकू शकते. अधूनमधून तो जागा होतो, शरीर पुन्हा ऊबदार करतो, आणि काही तासांनी पुन्हा निश्चल होतो. या जागे होण्यातच साठवलेल्या चरबीचा मोठा वाटा खर्ची पडतो. इतकी दीर्घ आणि खोल शीतनिद्रा ऑस्ट्रेलियातील फारच थोड्या प्राण्यांत आढळते.

आता हिमाचे काम पाहा. जमिनीवर पडलेला जाड हिमथर रजईसारखा असतो. बाहेर हवेचे तापमान शून्याच्या कितीतरी खाली गेले तरी त्या थराखालील शिळांच्या पोकळीत ते शून्याच्या किंचित वर स्थिर राहते. निद्रिस्त पॉसमसाठी हेच तापमान सर्वांत किफायतशीर असते, कारण त्यात त्याची ऊर्जा सर्वांत कमी खर्च होते. हिम उशिरा पडले, विरळ पडले किंवा लवकर वितळले, तर बाहेरची गोठवणारी थंडी थेट फटींत उतरते. मग गोठून मरू नये म्हणून झोपलेल्या शरीराला उष्णता निर्माण करावी लागते, किंवा प्राणी वारंवार जागा होतो. दोन्ही प्रकारांत चरबी वसंत येण्याआधीच संपण्याचा धोका असतो. प्रथमच हिवाळा पाहणाऱ्या लहान प्राण्यांकडे चरबीचा साठा मुळातच कमी, त्यामुळे त्यांना हा धोका अधिक.

हिम लवकर वितळण्याचा आणखी एक परिणाम आहे, आणि तो मला अधिक चिंताजनक वाटतो. हिम गेले की पॉसम जागा होतो, परंतु पतंग मैदानांतून निघून डोंगरावर पोहोचण्याची वेळ वेगळ्या कारणांवर ठरते. जाग आणि पतंगांचे आगमन यांच्यात अंतर पडले, तर सात महिने उपाशी राहिलेल्या आणि लगेच प्रजनन करणाऱ्या मादीला नेमक्या गरजेच्या वेळी अन्न मिळत नाही. ऑस्ट्रेलियन पर्वतभागातील हिमाची खोली गेल्या शतकाच्या मध्यापासून मोजली जात आहे आणि त्या नोंदींचा कल घटीचाच आहे. यापेक्षा उंच शिखर असते तर प्राणी हळूहळू वर सरकला असता. परंतु ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवरील सर्वोच्च शिखर, माउंट कोसिअस्को, अवघे २२२८ मीटर उंचीचे आहे आणि पॉसम आधीच माथ्यापाशी आहे.

प्रश्न : बोगाँग पतंग कमी झाल्यामुळे पॉसमची पिल्ले मेली, असे आपण लिहिले होते. एका पतंगावर संपूर्ण जात कशी अवलंबून असू शकते?

उत्तर : संपूर्णपणे एकाच अन्नावर ती अवलंबून नाही. बीटल, कोळी, इतर कीटक, बिया आणि फळे हेही ती खाते. परंतु वसंत आणि उन्हाळ्यातील तिच्या आहाराचा कणा बोगाँग पतंगच आहे, आणि पिल्ले वाढवण्याचा काळही तोच आहे.

या पतंगाचे जीवन विलक्षण आहे. त्याच्या अळ्या दक्षिण क्वीन्सलँड, न्यू साउथ वेल्स आणि व्हिक्टोरियातील सखल मैदानांत हिवाळ्यात वाढतात. वसंतात बाहेर पडलेले प्रौढ पतंग रात्रीच्या वेळी उडत, काही जण तर १००० किलोमीटरपर्यंत अंतर कापून, आधी कधीही न पाहिलेल्या डोंगरांवर पोहोचतात. स्वीडनमधील लुंड विद्यापीठातील एरिक वॉरंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये दाखवून दिले की, दिशा ठरवताना ते पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा आणि नजरेस पडणाऱ्या खुणांचा मेळ घालतात. पुढे २०२५ मध्ये ताऱ्यांनी भरलेल्या आकाशाचाही ते होकायंत्र म्हणून वापर करतात असे प्रसिद्ध झाले. डोंगरावरील गुहा आणि फटींत ते उन्हाळाभर निश्चल राहतात, आणि चांगल्या वर्षी गुहेच्या भिंतीवर एका चौरस मीटरात सुमारे १७००० पतंग दाटीने बसलेले असतात. चरबीने भरलेल्या या पतंगांवर त्या प्रदेशातील मूळ रहिवाशांचे समूहही पिढ्यान्‌पिढ्या उन्हाळ्यात एकत्र जमून जेवत आले. गुनाइकुर्नाई लोकांच्या प्रदेशातील क्लॉग्ज गुहेत मिळालेल्या एका जुन्या दळण्याच्या दगडावर या पतंगांचे अवशेष सापडले आहेत.

२०१७ पासून पूर्व ऑस्ट्रेलियात पडलेल्या भीषण दुष्काळात मैदानांतील अळ्यांना खाद्य उरले नाही. त्या आणि पुढच्या उन्हाळ्यात पिढ्यान्‌पिढ्या भरलेल्या गुहा जवळपास रिकाम्या दिसल्या. त्याच काळात पॉसमची पाहणी करणाऱ्यांना अनेक माद्यांच्या पिशव्या रिकाम्या आढळल्या. दूध पुरेसे न मिळाल्याने पिल्ले दगावली होती. दुष्काळ हे तात्कालिक कारण. त्याआधीपासूनच शेतीखाली गेलेली मैदाने, कीटकनाशके आणि शहरांचे दिवे यांचाही ताण या पतंगावर असल्याचे मानले जाते. पतंगांच्या शरीरातून आर्सेनिक डोंगरावर पोहोचत असल्याचे तर या शतकाच्या सुरुवातीलाच आढळले होते. डिसेंबर २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाने बोगाँग पतंगाचा समावेश आपल्या लाल यादीत संकटग्रस्त म्हणून केला.

पॉसमचा डोंगर राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत सुरक्षित ठेवला, तरी त्याचे अन्न ज्या शेतात वाढते ते शेत त्या हद्दीपासून शेकडो किलोमीटर दूर आहे आणि तेथे ही अळी पिकाची शत्रू समजली जाते. अधिवासाचा नकाशा काढताना ही मैदाने त्यात धरलीच पाहिजेत, असे माझे स्पष्ट मत आहे. व्हिक्टोरियातील प्राणिसंग्रहालयांची संस्था, झूज व्हिक्टोरिया, पतंगांच्या स्थलांतराच्या दिवसांत अनावश्यक दिवे मालवण्याचे आवाहन करते आणि दिसलेल्या पतंगांच्या नोंदी नागरिकांकडून मागवते. काम लहान वाटेल, परंतु स्थलांतराच्या मार्गावरच्या लोकांना या साखळीत सहभागी करून घेणारा दुसरा उपक्रम मला माहीत नाही.

प्रश्न : बर्फावरील खेळांची केंद्रे बंद करणे हाच उपाय नाही का?

उत्तर : केंद्रांनी नुकसान केले आहे यात शंका नाही. घसरणीचे मार्ग सपाट करण्यासाठी शिळा हलवल्या गेल्या, रस्ते बांधले गेले, दाबलेल्या हिमाची ऊब राखण्याची क्षमता घटली. तरीही बंद करण्याखेरीज काही करता येते, याचे उदाहरण माउंट हिगिनबॉथमवर आहे. तेथे माद्या वरच्या उत्तम शिळाराशींत राहतात आणि नर प्रजननानंतर खाली निघून जातात. मधून गेलेल्या रस्त्यामुळे नरांना खाली जाता येईना, माद्यांच्या जागेत गर्दी झाली, आणि हिवाळ्यात माद्या मरू लागल्या. १९८० च्या दशकाच्या मध्यात रस्त्याखालून दगडांनी भरलेला बोगदा बांधण्यात आला. इयन मॅन्सर्ग आणि डेव्हिड स्कॉट्स यांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार नर त्यातून ये-जा करू लागले आणि माद्यांचे जगण्याचे प्रमाण अबाधित भागासारखे झाले. वन्यप्राण्यांसाठी रस्त्याखालून मार्ग काढण्याच्या जगातील आरंभीच्या यशस्वी प्रयोगांत त्याची गणना होते.

प्रश्न : माउंट बुलरवर दुसऱ्या डोंगरावरील नर आणून सोडले, असे कळते. हजारो वर्षे वेगळ्या राहिलेल्या समूहांची अशी सरमिसळ करणे योग्य आहे का?

उत्तर : हा आक्षेप शास्त्रज्ञांनीही गांभीर्याने घेतला होता. भिन्न परिस्थितीशी जुळवून घेतलेल्या समूहांचा संकर केल्यास संतती दुबळी निघू शकते, अशी भीती असते. परंतु बुलरवर पर्याय फार उरले नव्हते. १९९६ मध्ये शोध लागला तेव्हा तेथे सुमारे ३०० प्राणी असावेत असा अंदाज होता. अधिवासाचा नाश, कोल्हे आणि मांजरे यांमुळे पुढील दशकभरात ही संख्या काही दहांवर आली, आणि जनुकीय विविधताही झपाट्याने घटली. इतक्या लहान समूहात जवळच्या नात्यातच प्रजनन होते, दोष साचत जातात आणि संख्या सावरण्याची शक्ती उरत नाही.

२०११ मध्ये माउंट हॉथम परिसरातील नर बुलरवर आणले गेले. मेलबर्न विद्यापीठातील अँड्र्यू वीक्स आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेले निष्कर्ष भीतीच्या उलट निघाले : संकरित प्राणी आकाराने मोठे होते, संकरित माद्या अधिक पिल्ले देत होत्या आणि अधिक काळ जगत होत्या. समूह शोधाच्या वेळच्या संख्येपेक्षाही मोठा झाला. त्याच वेळी शिळाराशींची दुरुस्ती, झुडुपांची लागवड आणि शिकारी प्राण्यांचे नियंत्रणही चालू होते, हे मात्र विसरता कामा नये. नुसते नवे रक्त आणून उजाड जागेत सोडले असते तर काहीच साधले नसते. मला स्वतःला या प्रकरणातील खंत वेगळी वाटते. समूह इतका खचण्याची वाट पाहिली गेली. शंभर प्राणी असताना जे सोपे झाले असते, ते मोजके प्राणी उरल्यावर जिवावर बेतणारे झाले.

प्रश्न : डोंगर उष्ण होणारच असतील, तर या प्राण्याला दुसरीकडे का नेत नाहीत?

उत्तर : तो विचार सुरू आहे. न्यू साउथ वेल्स विद्यापीठातील जीवाश्मशास्त्रज्ञ मायकल आर्चर यांचा युक्तिवाद असा की, क्वीन्सलँडमधील रिव्हर्सले येथे सापडलेले या पॉसमच्या प्रजातीतील पूर्वजांचे जीवाश्म समशीतोष्ण, सखल वर्षावनांतील आहेत. त्या वंशाने लक्षावधी वर्षे उबदार प्रदेशात काढली, आणि डोंगरमाथा हे त्याचे नंतरचे आश्रयस्थान आहे. त्यानुसार लिथगोजवळ, कमी उंचीवर, या प्राण्यांचे प्रजनन करून त्यांना हिमाविना जगण्याची सवय होते का हे पाहण्याचे काम हाती घेतले आहे. व्हिक्टोरियातील हील्सव्हिल अभयारण्यातही बंदिस्त प्रजनन चालते. युक्तिवाद मला आकर्षक वाटतो, परंतु नव्या जागी मांजरे आणि कोल्हे असणारच, त्यामुळे कुंपणाबाहेर सोडण्याआधी बरीच सावधगिरी लागेल.

प्रश्न : रात्री फिरणारा, दगडांत लपणारा एवढासा प्राणी मोजतात कसा? सध्या ते किती उरले आहेत?

उत्तर : हिम वितळल्यावर शिळाराशींत ॲल्युमिनियमचे छोटे पेटीसारखे सापळे ठेवतात. त्यांत अक्रोडाचे आमिष आणि थंडीपासून बचावासाठी ऊबदार भरण असते. पहाटे सापळे तपासून प्रत्येक प्राण्याचे वजन घेतात, मादीची पिशवी पाहतात, त्वचेखाली ओळख पटवणारी बारीक चिप बसवतात आणि जेथे सापडला तेथेच त्याला सोडतात. तोच प्राणी पुढच्या वर्षी पुन्हा सापडला की त्याचे वय आणि वावर कळतो. माद्या १२ वर्षांपर्यंत जगू शकतात, नर मात्र त्याच्या निम्म्यापेक्षाही कमी, ही माहिती अशाच वर्षानुवर्षांच्या नोंदींतून मिळाली आहे. रिकाम्या पिशव्यांचा प्रकारही याच पाहणीमुळे वेळेत लक्षात आला. २०१९-२० च्या वणव्यांनंतर कोसिअस्कोमधील जळालेल्या भागात पाणी आणि पतंगांच्या पोषणाशी जुळणारी खास बिस्किटे ठेवण्याचा निर्णय त्वरित घेता आला, तोही कोणत्या राशीत प्राणी आहेत हे आधीच माहीत असल्यामुळे.

तिन्ही भागांत मिळून प्रौढांची संख्या सुमारे २००० किंवा त्याहून कमी असावी असा अंदाज आहे. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कायद्यान्वये ही जात संकटग्रस्त, तर आंतरराष्ट्रीय लाल यादीत अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदलेली आहे. २०२० नंतरच्या पावसाळी वर्षांत पतंगांचे आगमन काहीसे सुधारले, परंतु पुढचा दीर्घ दुष्काळ येईल तेव्हा मैदानांत काय उरलेले असेल, यावर पुढची मोजणी ठरणार आहे.